राहून गेलेला पत्ता

"ताई, मी डोंबिवलीला राहते. वय ३९, एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. दोन वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या मैत्रिणीबरोबर टॅरोचा, म्हणजे पत्त्यांवरून भविष्य बघण्याचा, दोन दिवसांचा क्लास केला. तेव्हापासून सकाळी चहाआधी एक कार्ड काढते. खरं सांगते, बरं वाटतं. पण आता कार्डाला विचारल्याशिवाय काही करवतच नाही. कुठली लोकल पकडायची इथपर्यंत मजल गेली आहे.

धाकट्या भावाला मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाकायचंय, चार लाख मागतोय. २०२१ मध्ये दिलेले दीड लाख अजून आलेले नाहीत. द्यायचे तर मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडावी लागेल. आईचा रोज फोन येतो. मिस्टरांना अजून काही बोलले नाही. तीन कार्डं काढली. भूतकाळाच्या जागी सिक्स ऑफ पेंटॅकल्स, वर्तमानात हँग्ड मॅन, भविष्यात डेथ. घाबरून परत काढली, परत काढली, सहाव्या वेळी सन, म्हणजे सूर्याचं कार्ड, आलं तेव्हा थांबले. पहिल्या तीन कार्डांचा फोटो एका ऑनलाइन रीडरला पाठवला. ती म्हणाली, घरात कुणाच्या तरी जिवावरचं आहे, 'क्लिन्झिंग' करावं लागेल, साडेसात हजार. ते अजून भरलेले नाहीत.

क्लासमध्ये सांगितलं होतं की प्रत्येक कार्ड एक गुण शिकवतं, आयुष्याचा एक धडा देतं. मग माझी कार्डं मला काय शिकवतायत? पैसे देऊ की नको? आणि हे सगळं खोटं असेल तर रोज सकाळी इतकं बरं का वाटतं?"

साडेसात हजार भरू नका. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश बोलू.

ते डेथचं कार्ड एकदा टेबलावर ठेवा आणि नीट बघा. तुमच्याकडचा संच बहुतेक रायडर-वेटचाच असणार. पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा, हातात काळं निशाण, निशाणावर पांढरं फूल. राजा आडवा पडलाय. बिशप हात जोडून उभा आहे. एका तरुणीनं तोंड फिरवलंय. आणि एक लहान पोर गुडघे टेकून, मान वर करून, थेट त्या घोडेस्वाराकडे बघतंय. लांब मागे दोन बुरुजांच्या मधे सूर्य. तुमच्या घरातलं कोण जाणार याचा या चित्रात कुठे पत्ता आहे? सगळ्यांनाच जायचंय, राजालाही, एवढंच ते म्हणतं. प्लेग बघितलेल्या युरोपला हे वेगळं समजावून सांगावं लागत नव्हतं. कार्डांवर पोट असलेली बहुतेक माणसंसुद्धा या कार्डाचा अर्थ "एक पर्व संपतंय" असाच लावतात. तुमच्या त्या बाईंना हे ठाऊक नसेल तर त्यांना कार्डं वाचता येत नाहीत. ठाऊक असूनही त्यांनी तुम्हाला घाबरवलं असेल, तर काय ते तुम्हीच समजा. नंबर ब्लॉक करा.

आता तुमच्या सहा वेळा कार्डं काढण्याविषयी. माझं माहेर सावंतवाडीजवळचं. आमच्याकडे देवाला कौल लावतात. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. मी दहा-बारा वर्षांची असताना मोठ्या काकांना वाटणीतली जमीन विकायची होती. कौल डावा आला. काका म्हणाले, परत लावा. परत डावा. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा गुरवानं हातातलं ताम्हन खाली ठेवलं आणि म्हणाला, "देव एकदाच सांगता. परत परत इचारूक तो काय तुमचो नोकर आसा?" काकांनी जमीन विकली ती विकलीच. ते बरं झालं की वाईट, यावर आमच्या घरात अजून दोन तट आहेत. पण देवळातून घरी येताना काकांचा चेहरा मला आठवतो. कौलाच्या आधीच त्यांचं ठरलेलं होतं, त्यांना फक्त सोबत हवी होती.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सहाव्या वेळी सन आलं आणि तुम्ही थांबलात, एवढंच लिहिलंय. सन आल्यावर पैसे द्यायचे ठरलं की न द्यायचे, हे कुठेच नाही. म्हणजे उत्तर मिळाल्यानंतरही तुम्ही होतात तिथेच होतात. फक्त भीती गेली, आणि तीही त्या रीडरशी बोलेपर्यंतच.

क्लासमध्ये सांगितलं ते अगदीच खोटं नाही. मात्र त्यामागची गोष्ट तिथे कुणी सांगत नाही, कारण ती सांगितली की गूढपणाची हवा निघून जाते. टॅरो हा मुळात पत्त्यांचा डाव. आपल्याला मिळणाऱ्या अगदी जुन्या नोंदींपैकी एक आहे फ्लॉरेन्सच्या एका नोटरीच्या डायरीतली, १६ सप्टेंबर १४४० ची. त्यानं एका सरदारासाठी असा रंगवलेला संच विकत घेतला होता. नेहमीचे चार रंग, म्हणजे पेले, नाणी, तलवारी, सोटे, आणि त्यांच्यावर हुकूम म्हणून चित्रांचे पत्ते. या हुकमाच्या पत्त्यांनी हात मारायचे. क्लासवाले ज्यांना मेजर आर्काना म्हणतात ते हेच. फ्रान्समध्ये आजही ७८ पत्त्यांचा हा डाव लोक खेळतात, आणि त्यात कुणी कुणाचं भविष्य बघत नाही. इजिप्तच्या पुजाऱ्यांचं गुप्त ज्ञान वगैरे कल्पना १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ या गृहस्थांनी काढली. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा जगात कुणालाच वाचता येत नव्हती, ती उलगडली १८२२ मध्ये. पण कल्पना चालली. चारच वर्षांनी, १७८५ मध्ये, एतेला या नावानं लिहिणाऱ्या माणसानं टॅरोवरून भविष्य कसं सांगावं याचं पुस्तक काढलं, आणि पुढे खास त्यासाठी संचही. तिथून तो धंदा सुरू झाला.

(थोडं माहेरचं कौतुक. ते चार रंग युरोपात मुसलमानी मुलखातून आले. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या मामलुक काळातला एक संच आहे. त्यावर पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या आहेत, आणि एका पत्त्यावर चक्क "गंजिफा" हा शब्द लिहिलेला आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात चितारी अजून रंगवतात ती गंजिफा याच नावाची. आमच्या घरी दशावतारी गंजिफेचा एक अर्धवट डबा होता. मूळचे १२० गोल पत्ते, प्रत्येक अवताराचे बारा. त्यातला नरसिंहाचा राजा मी पाचवीत असताना हरवला, त्याचं बोलणं आजीनं शेवटपर्यंत ऐकवलं.)

तर गुणांची गोष्ट. इटलीतल्या त्या काळच्या माणसाला चार मुख्य सद्गुण तोंडपाठ असत. विवेक, न्याय, धीर आणि बेत, म्हणजे बेतानं वागणं. चर्चच्या भिंतींवर, थडग्यांवर, पोथ्यांत, जिथे तिथे त्या चार बाया कोरलेल्या नाहीतर रंगवलेल्या. वीणा दिसली की आपण सरस्वती म्हणतो, तसं तराजू दिसला की ते न्याय म्हणत. पत्ते रंगवणाऱ्यानं या बाया पत्त्यांत आणल्या, कारण हुकमाचे पत्ते एकाहून एक चढत्या मानाचे हवेत आणि पोप, सम्राट, प्रेम, मृत्यू, सद्गुण ही उतरंड गिऱ्हाइकाला न सांगता कळायची. म्हणजे प्रत्येक कार्ड धडा देतं म्हणतात ते इतपत खरं. ते धडे तुमच्यासाठी म्हणून निघालेले नाहीत, एवढंच. पाठ्यपुस्तकाचं कुठलंही पान उघडलं तरी धडा निघतोच.

त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते टेम्परन्स. याला मराठीत संयम म्हणतात ते मला पटत नाही. संयम म्हटला की दात-ओठ खाऊन बसणं आलं. कार्डात बघा, एक देवदूत आहे, एक पाय पाण्यात, एक जमिनीवर, आणि तो एका पेल्यातलं दुसऱ्या पेल्यात ओततोय. जुन्या चित्रांत ही बाई दारूत पाणी मिसळायची. दारू सोडायची नाही, प्यायची तर पाणी घालून. लॅटिन शब्दाचा अर्थच योग्य प्रमाणात मिसळणं असा आहे. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, बेत. बेतानं खर्च करणं, बेताचं बोलणं, मीठ बेतानं घालणं. तुमच्या पत्रात चार लाख द्यायचे किंवा काहीच द्यायचं नाही, असे दोनच रस्ते आहेत. भाऊ चार म्हणाला म्हणून आकडा चार. हा आकडा त्याचा आहे, तुमचा कुठे आहे?

स्ट्रेंथचंही, म्हणजे धीराच्या पत्त्याचंही, असंच. मिलानच्या सरदारांसाठी १४५० च्या सुमारास रंगवलेला एक संच आहे, त्यात हा पत्ता म्हणजे सोटा उगारलेला गडी आणि पायाशी बिचारा एवढासा सिंह. तुमच्या संचात बाई आहे. ती सिंहाच्या जबड्याला हात लावून उभी आहे, कमरेला फुलांची माळ, चेहऱ्यावर राग नाही की भीती नाही. काहीजण म्हणतात ती जबडा उघडतेय, काही म्हणतात मिटतेय. मला ती मिटताना दिसते. आईच्या रोजच्या फोनवर तुम्ही काय करता? एक तर "बघू" म्हणता, नाहीतर एखाद्या दिवशी फुटता आणि मग आठवडाभर अपराधी वाटून घेता. हे मी अंदाजानं लिहितेय, पण मीही थोरली बहीण आहे. धीर म्हणजे त्या दोन्हींच्या मधलं काहीतरी. "आई, मी तुला रविवारी सांगेन, तोवर या विषयावर बोलायचं नाही," असं शांतपणे म्हणायचं, आणि ती पुढे बोलायला लागली की तेच परत म्हणायचं.

जस्टिसविषयी फार सांगण्यासारखं नाही. कार्डातल्या बाईच्या डोळ्यांवर पट्टी नसते, एवढं बघून ठेवा. ती उघड्या डोळ्यांनी तोलते. पण न्यायावरून एक आठवलं, तेही लिहितेच. तुमच्या संचातली सगळी चित्रं एका बाईनं काढलेली आहेत, पामेला कोलमन स्मिथनं. १९०९ मध्ये लंडनला. तिनं तेव्हा एका ओळखीच्यांना पत्रात लिहिलं होतं की एक मोठं काम हातावेगळं केलं, पैसे मात्र अगदी थोडे. संचाला नाव लागलं ते छापणाऱ्या रायडरचं आणि कल्पना सांगणाऱ्या वेटचं. ती १९५१ मध्ये वारली, देणी मागे ठेवून. कार्डाच्या कोपऱ्यात एक वेटोळ्यासारखी खूण दिसेल, ती तिची सही. रोज सकाळी हातात घेता, तर एकदा बघा तरी.

आता हँग्ड मॅन, एका पायानं उलटा टांगलेला माणूस, तुमचा "वर्तमानकाळ". रीडरनं याबद्दल काही सांगितल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. क्लासमध्ये सांगतात, त्याग, शरणागती, नव्या नजरेनं बघणं. हे नंतरचं आहे. जुन्या इटलीत या पत्त्याला "गद्दार" असंही नाव होतं. तिथल्या शहरांत शिक्षेचा एक प्रकार होता. दगाबाजांचं, दिवाळं काढून पळालेल्यांचं चित्र भर चौकातल्या सरकारी इमारतीच्या भिंतीवर काढायचं, बरेचदा एका पायानं उलटं टांगलेलं. माणूस हाताला लागला नाही तरी अब्रू टांगली जायची. फ्लॉरेन्समध्ये आंद्रेआ देल कास्तान्यो नावाच्या चित्रकारानं बंडखोरांची अशी चित्रं काढली, तर लोक त्याला "फाशीवाल्यांचा आंद्रेआ" म्हणायला लागले. तेही साल १४४०, नोटरीच्या डायरीचंच.

म्हणजे बघा, तुम्ही भावाला द्यायच्या पैशांचा प्रश्न घातलात आणि आला कोण, तर बुडवणारा! असा अर्थ काढून मी तुम्हाला सहज गार करू शकले असते. क्षणभर तुमच्या अंगावर काटा आलाही असेल. पण मी तो अर्थ तुमचं पत्र वाचून काढला. दीड लाखांची गोष्ट तुम्हीच लिहिली होती. दुसरं कुठलंही कार्ड आलं असतं तरी मी ते तिथेच आणून बसवलं असतं. सिक्स ऑफ पेंटॅकल्स घेते. त्यात एक सावकार एका हातानं नाणी टाकतोय, दुसऱ्या हातात तराजू धरलाय, आणि समोर दोघं गुडघे टेकून बसलेत. म्हणाल तर दानाचं चित्र, म्हणाल तर लाचारीचं. चांगला रीडर हेच करतो. तुमच्या बोलण्यातलं उचलून चित्रात घालतो आणि चित्रातून तुम्हाला परत देतो. यात दरवेळी लबाडी असते असं नाही, पुष्कळदा त्यालाही कळत नाही.

मघाशी मी चार गुण म्हटले आणि तीनच पत्ते दाखवले, हे तुमच्या लक्षात आलंच असेल, अकाउंट्सवाल्या आहात. न्याय आहे, धीर आहे, बेत आहे. चौथा विवेक. त्याचा पत्ता संचात नाही. तो का नाही यावर लोकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. ते मघाचे जेबलँ म्हणायचे की हँग्ड मॅन हाच मुळात विवेक, एक पाय उचलून जपून उभा, छापणाऱ्यानं चुकून उलटा केला. कुणी म्हणतं हर्मिट, म्हणजे कंदील घेतलेला म्हातारा साधू, तोच विवेक. पण मिलानच्या त्या जुन्या संचात त्या म्हाताऱ्याच्या हातात कंदील नाही, वाळूचं घड्याळ आहे. तो काळ आहे. फ्लॉरेन्सच्या लोकांना ही उणीव बहुधा खटकली असावी, कारण त्यांनी पुढे ९७ पत्त्यांचा मिंक्याते नावाचा डाव केला आणि त्यात विवेकाला जागा दिली. आपल्या ७८ मध्ये मात्र ती बाई नाहीच.

आणि तिच्या विरुद्ध टोकाचा मूर्ख मात्र संचात आहे, हे मला मोठं गमतीचं वाटतं. पादुआ गावात एक लहानसं चर्च आहे, त्याच्या भिंतींवर जोत्तो नावाच्या चित्रकारानं १३०५ च्या आसपास सात गुण आणि त्यांच्यासमोर सात अवगुण रंगवलेत. विवेक म्हणजे मेजाशी बसलेली बाई, हातात आरसा, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दुसरा चेहरा, मागचं बघायला. तिच्या समोरच्या भिंतीवर मूर्खपणा. डोक्यावर पिसं, हातात सोटा. टॅरोतला 'द फूल', म्हणजे मूर्खाचा पत्ता, जुन्यातला जुना बघा, तोच अवतार, केसांत पिसं आणि खांद्यावर सोटा. म्हणजे मूर्ख पत्त्यांत आला आणि विवेक बाहेर राहिला.

तुमचा प्रश्न नेमका तिच्या खात्यातला आहे. पैसे द्यावेत की नाहीत हे न्याय सांगत नाही, धीरही सांगत नाही. एकदा ठरलं की मग ते निभवायला बाकीचे तिघे उपयोगी.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत तिशियानचं एक चित्र आहे, विवेकाचं. तीन तोंडं. म्हातारा मागे बघतोय, मधला पुरुष समोर, तरुण पुढे. वर लॅटिनमध्ये लिहिलंय, त्याचा भावार्थ असा : मागचं ध्यानात ठेवून आज शहाणपणानं वागतो, पुढचं बिघडू नये म्हणून. भूत, वर्तमान, भविष्य. तुम्ही मांडलेल्या तीन कार्डांच्या जागा याच तर आहेत! जागा बरोबर मांडल्यात. फक्त त्या जागांवर पिसून काढलेले पत्ते ठेवलेत.

त्याऐवजी काय ठेवायचं ते तुम्हाला मी शिकवायचं म्हणजे अतीच झालं. ऑफिसात एखाद्या पार्टीनं जुनी बाकी तशीच ठेवून नवा माल उधारीवर मागितला तर तुम्ही कार्ड काढता का? लेजर उघडता. बाकी कितीची, कधीपासून, मधे काही जमा आहे का, विचारल्यावर काय उत्तर आलं. मग तेच करा. एक कागद घ्या, तीन रकाने पाडा. पहिल्यात दीड लाखांचा इतिहास. त्यानं एकदा तरी पाच हजार परत केले होते का, की विषय काढला की रुसायचा? दुसऱ्यात आज तुमच्याकडे काय आहे आणि त्यातलं मुलीचं किती. तिसऱ्यात हे चार लाख आले नाहीत असं धरून मुलगी बारावी होईल तेव्हाचा हिशेब. एफडी मुदतीआधी मोडली की व्याज कापलं जातं, तो आकडाही तिथेच लिहा.

आणि भावाला सांगा, तुझाही कागद आण. दुकानाचं डिपॉझिट किती, भाडं किती, हत्यारं आणि सुटे भाग किती, महिन्याला किती मोबाइल आले तर भाडं सुटतं. तो हे काम शिकलाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, ते विचारा. याच कामासाठी बँकेचं मुद्रा कर्ज मिळतं. शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत, किशोर गटात त्यापुढे पाच लाखांपर्यंत, आणि तारण लागत नाही. तो गेलाय का बँकेत? गेला आणि त्यांनी नाही म्हटलं, तर कशासाठी नाही म्हटलं ते आधी कळू दे. गेलाच नसेल, तर तुमच्या मुलीची एफडी ही बँकेपेक्षा सोपी खिडकी आहे म्हणून तो तुमच्याकडे आलाय. प्रेम असतंच, मी नाही म्हणत नाही.

माझं मत विचाराल तर चार लाख देऊ नका. एफडीला हात लावू नका. द्यावंसंच वाटलं तर अशी रक्कम द्या जी परत आली नाही तरी पुढच्या भाऊबीजेला तुमचा हात आखडणार नाही. तीस हजार असेल, पन्नास असेल, ते तुम्ही ठरवा. रोख देऊ नका. एखादं यंत्र घेऊन द्या, बिल दुकानाच्या नावानं. मागचे दीड लाख यात मिसळू नका, ते वेगळे लिहून ठेवा आणि त्याच्याकडून एक ओळ लिहून घ्या. तो चिडेल. तेव्हा ती फुलांची माळ घातलेली बाई आठवा.

मिस्टरांना अजून सांगितलेलं नाही, हे मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त खटकलं. सहा वेळा कार्डं पिसायला वेळ मिळाला, एका अनोळखी बाईला फोटो पाठवला, मला एवढं पत्र लिहिलंत, आणि ज्या माणसाबरोबर ती एफडी साठवली त्याला पत्ता नाही. ते रागावतील अशी भीती असेल, किंवा लगेच नाही म्हणतील आणि मग भावाकडे तुम्हालाच वाईट व्हावं लागेल, अशी असेल. असू दे. कागद भरायच्या आधी सांगा, नंतर नको. नाहीतर तो कागदही कार्डासारखाच होईल, तुम्ही एकटीनं मांडलेला.

राहता राहिलं सकाळचं बरं वाटणं. ते खोटं कशाला असेल? चहाआधीची पाच मिनिटं, घरात कुणी हाक मारत नाही, हातात मोबाइल नाही, समोर एक चांगलं चित्र. मलाही बरं वाटेल. भाचीनं आणलेला एक संच माझ्या कपाटात आहे, आणि मी तो अधूनमधून काढते. फक्त मी पत्ते पिसत नाही. सुलटे पसरते आणि ज्याच्याकडे बघावंसं वाटतं ते उचलते. आजकाल बरेचदा एट ऑफ पेंटॅकल्स. बाकावर बसलेला कारागीर, एका हातात छिन्नी, एकात हातोडी, झालेली नाणी खांबावर ओळीनं लावलेली, गाव लांब मागे. त्याला काही विचारत नाही. तो त्याचं काम करतो, मग मी माझं. तुम्हीही महिनाभर तसं करून बघा. प्रश्न घालायचा नाही आणि पालथा पत्ता उचलायचा नाही. लोकल जी मिळेल ती.

आईला रविवारी सांगायचंय ते मात्र सकाळी सांगा, दहाच्या आत. रात्री जेवणानंतर केलेले आईचे फोन लांबतात, आणि शेवटी आपणच "बरं बघते" म्हणून ठेवतो.